क्रूझ निवडताना आधी थांबे बघावेत की जहाज?

निळाई (धागाकर्ती)

बरेच दिवस मनात असलेली क्रूझ येत्या जूनमध्ये करायचीच असं घरात ठरलंय. आम्ही पाच जण. मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. बाबा चालायला अजून खणखणीत आहेत, इतिहासाचं वेड आहे. आईचे गुडघे मात्र जिना दिसला की कुरकुरतात. सपाटीवर हळूहळू ती कितीही चालते.

तीन मार्ग निवडून ठेवलेत, तिन्ही सात रात्रींचे. पहिला पश्चिम भूमध्य समुद्राचा: बार्सिलोनाहून निघून मार्सेय, 'फ्लॉरेन्स/पिसा', 'रोम', नेपल्स आणि परत. दुसरा अथेन्सहून मिकोनोस, इस्तंबूल, कुशादासी, सँटोरिनी. तिसरा साउदॅम्प्टनहून नॉर्वेचे फ्योर्ड (कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या): स्टावांगर, फ्लोम, गेइरांगर, बर्गन.

जहाजांची माहिती भरपूर मिळते. किती रेस्टॉरंट, किती तलाव, नाटक कुठलं, सगळं. थांब्यांबद्दल मात्र दोन ओळी आणि एक फोटो. मला ठिकाणांसाठीच जायचंय. तर थांबे कसे पारखायचे, हे अनुभवी मंडळींनी सांगावं.

---

गलबत

चांगला धागा. मी कायम थांबे बघूनच बुकिंग करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

जाहिरातीत शहराचं नाव असतं आणि जहाज लागतं बंदराला. ही दोन्ही एकच असतील असं धरून चालू नका. 'रोम' म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून साधारण ७० ते ८० किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेत्सिया. लिव्होर्नोहूनही फ्लॉरेन्स ९० किलोमीटरच्या आसपास आहे. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, तिथून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंड, तिथून बर्लिनला पोचायला जवळजवळ तीन तास. 'बँकॉक' बहुतेक वेळा लेम चाबांग असतं, रस्त्याने दोन तास धरावेत.

उलट काही बंदरं अशी आहेत की जहाजाची शिडी उतरलात की शहरात. नेपल्सला धक्क्यासमोर कास्तेल नुओव्हो उभा आहे. लिस्बनचं टर्मिनल अल्फामा वस्तीच्या पायथ्याशी आहे. ऱ्होड्सला तर जुन्या शहराची तटबंदी डेकवरूनच दिसते.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक थांब्याच्या बंदराचं खरं नाव शोधा आणि नकाशावर अंतर मोजा. शहराचं नाव तेच असलं तरी धक्के वेगवेगळे असू शकतात, तेही बघा. स्टॉकहोमला जाणारी काही जहाजं न्यूनेसहामनला थांबतात, ते शहरापासून सुमारे ६० किलोमीटर. सिडनीत सर्क्युलर कीला लागलात तर ऑपेरा हाउस समोर, व्हाइट बेला लागलात तर पुढे जाण्याची सोय बघावी लागते. व्हेनिसचं तर सगळंच बदललंय. ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांपेक्षा मोठ्या जहाजांना तिथल्या सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे 'व्हेनिस' लिहिलेली मोठी जहाजं मार्गेराला जातात, नाहीतर रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात.

---

दीपस्तंभ

गलबत यांच्याशी सहमत. त्यात तासांची भर घालते.

छापलेली वेळ ही जहाजाची असते, आपली नसते. 'सकाळी ७ ते संध्याकाळी ७' वाचून आपण बारा तास धरतो. जहाज बांधून, स्थानिक परवानगी मिळून लोक उतरायला लागेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. सुटण्याआधी अर्धा ते एक तास सगळ्यांनी परत आत असायला हवं. आता रोमचं गणित करा. बंदराच्या फाटकापर्यंत बस, तिथून स्टेशन, मग तासाभराची ट्रेन. येताना हेच उलट, वर ट्रेन चुकली तर म्हणून हातात राखलेला वेळ. रोममध्ये खरे मिळतात पाच-सहा तास. त्यात कलोसियम आणि व्हॅटिकन दोन्ही बसवायला गेलं की दोन्हीकडे भोज्ज्याला शिवून परत येणं होतं.

तुमच्या पहिल्या मार्गात असे दोन दिवस लागोपाठ आहेत, फ्लॉरेन्स आणि रोम. आईंना दोन्ही दिवस तीन-चार तास प्रवासच होईल.

आणखी एक, वार बघा. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. फ्लॉरेन्सचं उफिझी संग्रहालय सोमवारी बंद. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी आणि मोठा झाकलेला बाजार रविवारी बंद. क्रूझचा वार आपल्या हातात नसतो, म्हणून बुकिंगच्या आधीच कॅलेंडर समोर ठेवायचं.

---

मीठपाणी

थोडा वेगळा सूर लावतो. रोज सकाळी सातला उठून बसमध्ये बसायचं असेल तर क्रूझ कशाला, ट्रेनने फिरा! रोम, फ्लॉरेन्स ही शहरं क्रूझने बघायची नाहीतच. तिथे राहायला जावं. क्रूझचा खरा आनंद समुद्रातल्या दिवसाचा. सकाळी डेकवर बसावं, चहूकडे पाणी, कुठे जायची घाई नाही. लागोपाठ पाच थांबे असलेल्या मार्गावर सहाव्या दिवशी घरचे सगळे दमलेले आणि चिडलेले असतात. माझं मत, आधी चांगलं जहाज घ्या. लेक चौदाची आहे, तिलाही तिथे तिच्या वयाची मुलं भेटतील.

---

गलबत

मीठपाणी, दमण्याबद्दल पूर्ण सहमत, आणि त्यावरून माझा मुद्दा आणखी पक्का होतो. किती थांबे आहेत ते मोजू नये, थांब्याला मिळणारा वेळ मोजावा. एका बंदरात रात्रभर मुक्काम असलेला मार्ग पाच बंदरांच्या मार्गाहून मला केव्हाही जास्त मोलाचा. संध्याकाळी सातला पर्यटकांच्या बस निघून गेल्यावरचं शहर फक्त मुक्कामी जहाजाला बघायला मिळतं.

पण जहाज आधी, हे मला पटत नाही. चांगलं जहाज चुकीच्या मार्गावर असेल तर चांगलं जहाज बघून परत येतो आपण. त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?

---

उत्तरवाट

मी उत्तरेकडच्या पाण्यांची भक्त आहे, त्यामुळे नॉर्वेची बाजू मांडते.

काही मार्गांवर थांब्यांइतकीच मधली वाट महत्त्वाची असते. गेइरांगर फ्योर्ड पंधरा किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यावरून 'सात बहिणी' नावाचा धबधबा कोसळतो. २००५ पासून हा जागतिक वारसा आहे आणि डेकवर खुर्चीत बसून बघता येतो. वरचं बर्फ वितळत असल्याने मे-जूनमध्ये पाणी भरपूर असतं. उन्हाळा संपता संपता तेच धबधबे बारीक होतात, म्हणजे तुमचा जून अगदी योग्य.

आईंच्या गुडघ्यांसाठी नॉर्वेइतका सोपा मार्ग मला दुसरा सुचत नाही. फ्लोमला धक्क्यापासून चार पावलांवर रेल्वे स्टेशन आहे. वीस किलोमीटरची ती गाडी तासाभरात समुद्रसपाटीवरून ८६६ मीटरवर मिरडालला नेते, वाटेत धबधब्यापाशी थांबते. बर्गनला शहराच्या मधूनच फुनिक्युलर (दोराने चढावर ओढली जाणारी गाडी) निघते आणि ३२० मीटरवर फ्लोयेन टेकडीवर सोडते. स्टावांगरची जुनी पांढरी लाकडी घरं बंदराला लागूनच आहेत, फक्त तिथे थोडा चढ आणि दगडी फरसबंदी आहे. बर्गनला पाऊस ठरलेलाच, रेनकोट जवळ ठेवायचा.

अलास्काचाही विचार केलात का? तिथल्या ग्लेशियर बेमध्ये जहाज बंदराला लागतच नाही आणि तरी तो दिवस सगळ्या सहलीचा कळस असतो. दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना परवानगी असते. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर जवळजवळ स्थिर उभं राहतं. समोरच्या निळ्या भिंतीवरून बर्फाचा कडा आधी निःशब्द घसरताना दिसतो, पाणी उसळतं, आणि मग त्याचा गडगडाट आपल्यापर्यंत पोचतो. डेकवरचे सगळे एकदम गप्प होतात.

पण अलास्कातही मार्ग वाचून घ्यावा. सगळी जहाजं ग्लेशियर बेत जात नाहीत. सिएटलहून जाऊन-येऊन असलेल्या मार्गांत कॅनडातलं व्हिक्टोरिया बहुतेक असतंच, कारण अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अशा फेरीत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. बरेचदा तो थांबा संध्याकाळी उशिरा, काही तासांपुरता असतो. तो मोजून 'चार बंदरं' म्हणण्यात अर्थ नाही.

---

किनारा

टेंडरबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. आईंसाठी हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

काही ठिकाणी मोठ्या जहाजाला धक्काच नसतो. जहाज लांबच थांबतं आणि छोट्या बोटीतून, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. सँटोरिनी, ग्रँड केमन, फ्रान्सचं व्हिलफ्रांश, फुकेतचा पातोंग किनारा ही ओळखीची उदाहरणं. समुद्र शांत असेल तर काही अडचण नाही. लाटा असतील तर बोट फूट-दीड फूट वरखाली होते आणि नेमक्या क्षणी पाऊल टाकावं लागतं. खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात, तरी ज्यांचा गुडघा ऐनवेळी दगा देतो त्यांना भीती वाटतेच. वारा वाढला की हेच थांबे सगळ्यात आधी रद्द होतात. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो, तेव्हा मिकोनोस आणि सँटोरिनी दोन्हींचा भरवसा कमी होतो. जूनमध्ये परिस्थिती बरी असते.

सँटोरिनीला टेंडर जुन्या बंदरात सोडतो. वर फिरा गाव, मध्ये उभा कडा. वर जायला केबल कार, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या, ज्यांवरून खेचरंही चालतात. केबल कार काही मिनिटांत वर नेते, पण एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली की रांग फार मोठी होते. त्यातही परतीची रांग जास्त त्रासाची, कारण सगळ्यांना शेवटच्या टेंडरच्या आधीच खाली यायचं असतं. तिथे भर उन्हात, भिंतीला टेकून उभे असलेले वयस्कर लोक बघून मला फार वाईट वाटलं होतं. कुणी त्यांना आधी सांगितलंच नसणार.

म्हणून कुठल्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत हेही बघा. बऱ्याच बंदरांच्या वेबसाइटवर वर्षभर आधी वेळापत्रक लागतं.

---

पाऊलवाट

वाचनखूण साठवली आहे. माझा एक प्रश्न: थांबा रद्द झाला तर पैसे परत मिळतात का?

---

दीपस्तंभ

पाऊलवाट, सहसा फक्त त्या बंदराचा कर परत येतो, आणि जहाजाकडून घेतलेली सहल असेल तर तिचे पैसे. तिकिटाच्या करारात मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो. आमचा एक थांबा वाऱ्यामुळे असाच गेला. ते बंदर डोळ्यांसमोर होतं, तासभर घिरट्या घातल्या आणि पुढे निघालो. बाहेरच्या एजन्सीकडे गाडी ठरवली होती, तिने आगाऊ रक्कम परत केली नाही. तेव्हापासून टेंडरच्या थांब्याला 'जहाज आलं नाही तर पैसे परत' असं लिहून देणाऱ्याकडेच बुकिंग करते.

जहाजाच्या सहलीचा एक फायदा मात्र खरा आहे. तिला परतायला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवते. स्वतःचे गेलात तर दोन्ही नाही. चिवितावेक्कियासारख्या लांबच्या बंदराला मी जहाजाची सहल घेते, ऱ्होड्ससारख्या जवळच्या बंदराला कधीच नाही.

---

शीड

कॅरिबियनचं थोडक्यात: काही थांबे म्हणजे क्रूझ कंपनीचं स्वतःचं बेट असतं, उदाहरणार्थ कोकोके किंवा कास्टअवे के. किनारा सुंदर, लहान मुलांना मजा येते, पण तिथे गाव नाही की बाजार नाही. देश बघायचा असेल तर हे थांबे वजा करून मार्ग मोजा. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर.

आणि खूप लांबचं स्वप्न असेल तर जहाजाच्या आकारावरच थांबा ठरतो. अंटार्क्टिकात ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेली जहाजं कुणालाही उतरवत नाहीत, आणि किनाऱ्यावर एका वेळी शंभरच माणसं. गलापागोसला तर शंभर प्रवाशांपर्यंतचीच जहाजं फिरतात.

---

गलबत

निळाई, तुम्हाला एक सुचवू? घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारा, 'कुठला एक थांबा चुकला तर तुला खरंच वाईट वाटेल?' एकच नाव घ्यायला लावा. जमवून घ्यायला लावलं की माणसं मनातलं बोलत नाहीत.

---

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गलबत, तुमचा प्रश्न काल प्रत्येकाला विचारला. बाबा क्षणभरही न थांबता म्हणाले, एफेसस, म्हणजे कुशादासीजवळच्या प्राचीन शहराचे अवशेष. शाळेत असताना एका पुस्तकात तिथल्या ग्रंथालयाचं चित्र पाहिलं होतं, हे आजवर त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. लेक म्हणाली इस्तंबूल. नवरा म्हणाला, तुम्ही न्याल तिकडे. आई म्हणाली, "मला कुठे उतरलंच पाहिजे असं काही नाही, पण बोटीतून बघायला मिळू दे." रोमचं नाव कुणीच घेतलं नाही!

म्हणजे दुसरा मार्ग. पण किनारा यांनी सँटोरिनीचं लिहिलंय त्याने धास्ती बसली आहे. आणि एफेससला आईला झेपेल का?

---

किनारा

घाबरू नका हो. सँटोरिनीला आईंनी उतरूच नये असं मी म्हणेन, आणि त्यात त्यांचं काही हुकणार नाही. जहाज जिथे उभं असतं ते पाण्याने भरलेलं ज्वालामुखीचं मुख आहे. चारी बाजूंना काळे-तांबडे कडे आणि माथ्यावर पांढरी गावं. ते दृश्य गावातून दिसत नाही, जहाजावरूनच दिसतं. त्या दिवशी जहाज रिकामं असतं, हवी ती खुर्ची मिळते. बाकीच्यांनी जायचं असेल तर जहाजाची सहल घ्या. ती बरेचदा आथिनियोस बंदरातून बसने वर नेते, त्यामुळे निदान जातानाची रांग वाचते.

एफेसस कुशादासीपासून वीसेक किलोमीटर. त्याला दोन दारं आहेत, वरचं आणि खालचं. गाडीला वरच्या दाराशी सोडायला आणि खालच्या दाराशी न्यायला सांगायचं, म्हणजे पूर्ण रस्ता उताराचा होतो. संगमरवरी फरशी इतक्या शतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेली आहे, त्यामुळे आईंना रबरी तळव्यांचे बूट आणि हातात काठी हवीच. कुरेटीस रस्त्याच्या वळणावरून खाली बघितलं की टोकाला सेल्सस ग्रंथालयाचा दर्शनी भाग एकदम समोर येतो. बाबांना तिथे घाई करू देऊ नका. सकाळी लवकर पोचा, सावली फार कमी आहे.

---

दीपस्तंभ

इस्तंबूलसाठी माझा आग्रह, मुक्काम असलेला मार्ग शोधा. गालातापोर्टचं टर्मिनल २०२१ पासून सुरू आहे, अगदी शहरात. तिथून ट्राम थेट सुलतानअहमेत या जुन्या भागात जाते. आया सोफियात (पूर्वीचं चर्च, आता मशीद) २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वरच्या सज्जातच जाता येतं, चढ दगडी आणि ओबडधोबड आहे. आई बाहेरच्या बागेत बसू शकतील. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो.

---

निळाई

सापडला! अथेन्सहून शुक्रवारी संध्याकाळी निघतं. शनिवारी दुपारी एकला इस्तंबूल, रात्रीचा मुक्काम, रविवारी संध्याकाळी प्रस्थान. सोमवारी कुशादासी, मंगळवारी ऱ्होड्स, बुधवार समुद्रात, गुरुवारी सँटोरिनी, शुक्रवारी परत. मिकोनोस नाही, पण ते कुणी मागितलंही नव्हतं. बाजार रविवारी बंद, म्हणून तो शनिवारी दुपारी आणि तोपकापी रविवारी. जमतंय ना?

---

गलबत

उत्तम जमतंय. आणि आईंसाठी यात आणखी एक आहे. इस्तंबूलला दुपारी एकला पोचायचं तर जहाज दार्दानेल्सची सामुद्रधुनी पहाटे सहाच्या सुमारास, उजेडात ओलांडेल. दोन्ही किनारे जवळ येतात, आणि डोक्यावरून १९१५ चानाक्काले पूल जातो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या झुलत्या पुलाचा मधला गाळा २,०२३ मीटरचा, जगात सर्वांत लांब. आदल्या रात्री जहाजावर वेळ विचारून घ्या आणि गजर लावा.

पण पैसे भरण्याआधी व्हिसा तपासा. ग्रीसमधून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येताय, म्हणजे शेंगेन क्षेत्रातून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेर पडून पुन्हा आत. ज्यांच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो त्यांना एकापेक्षा जास्त प्रवेशांचाच घ्यावा लागतो, एकदाच प्रवेश देणारा असेल तर परतताना घोडं अडतं. तुर्कस्तानचे नियमही पाचही जणांच्या पासपोर्टनुसार वेगळे तपासा.

---

निळाई

हे लक्षातच आलं नसतं. अर्ज भरताना तेवढंच आधी बघते. केबिन कुठल्या बाजूची घ्यावी, कुणी सांगेल का?

---

किनारा

या मार्गावर बाजूवरून वाद नको. सामुद्रधुनीत दोन्हीकडे किनारा आहे आणि सँटोरिनीला तर चारी बाजूंना कडे आहेत. लिफ्टच्या जवळची केबिन घ्या, आईंना रोज तेवढं चालणं वाचेल.